निकालाबरोबर पर्यायही लेखी द्या : राज्यातील विद्यापीठांच्या विद्यापरिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य,
विद्यापरिषद आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठे

विषय : पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षास अपात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेले पर्याय लेखी कळविण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

मी एका पदव्युत्तर विभागात शिकवतो आणि गेली काही वर्षे दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचे काम पाहतो. दुसऱ्या सत्राचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत काही विद्यार्थी गुणपत्रिकेची छापील प्रत हातात घेऊन विभागाच्या दाराशी येतात. आपण का नापास झालो हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत असते. ते विचारतात ते एवढेच, की "सर, आता काय करता येईल?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला एका जागी बसून देता येत नाही. एटीकेटीचा नियम परीक्षा विभागाकडे, नोंदणी चालू आहे की संपली हे पात्रता विभागाकडे, शिष्यवृत्तीचे काय होणार हे तिसऱ्या खिडकीवर आणि वसतिगृहातली खोली राहणार की जाणार हे कुलमंत्र्यांकडे. विद्यार्थी या चारही ठिकाणी फिरतो, प्रत्येक ठिकाणी त्याला उत्तराचा एक तुकडा मिळतो, आणि ते तुकडे जुळेपर्यंत त्यांतल्या एखाद्या पर्यायाची मुदत उलटून गेलेली असते.

नियम शिथिल करा आणि सर्वांना पुढे ढकला, असे सांगण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. माझे म्हणणे असे, की अडकलेल्या विद्यार्थ्यासाठी पर्याय आज अस्तित्वात आहेत आणि गेल्या काही वर्षांत ते वाढलेही आहेत. परंतु ते वेगवेगळ्या विनियमांत, परिपत्रकांत आणि शासन निर्णयांत विखुरलेले आहेत. ते एकत्र करून, तारखांसह, निकालाच्या दिवशीच विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे काम विद्यापीठाने आपले म्हणून स्वीकारले पाहिजे. हे काम करायला बसले की काही नियम एकमेकांशी जुळत नाहीत हेही दिसते, आणि ते जुळवण्याचा अधिकार आपल्याकडेच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीनंतरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चार सत्रांचा, प्रत्येक सत्रास २२ याप्रमाणे एकूण ८८ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) आहे. पहिल्या वर्षाच्या ४४ श्रेयांकांपैकी ठरावीक हिस्सा मिळवल्याशिवाय तिसऱ्या सत्रात प्रवेश मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी हा हिस्सा निम्मा आहे. एटीकेटी या आद्याक्षरांचा अर्थच मुळी 'सत्र राखण्याची मुभा' असा आहे. एक-दोन विषय राहिले म्हणून कोणाचे वर्ष वाया जाऊ नये, या उदार हेतूने ही सोय झाली, आणि ती चांगलीच आहे. मात्र ही मुभा जिथे संपते तिथून पुढे विद्यार्थ्यांच्या भाषेत 'इयर डाऊन' सुरू होते, आणि त्या प्रदेशाविषयी आपले अध्यादेश, म्हणजे विद्यापीठांचे लेखी नियम, फारच कमी बोलतात. विद्यार्थी पात्र कधी, हे त्यांत सविस्तर असते. अपात्र ठरल्यानंतर त्याने काय करावे, यासाठी बहुधा एखादे वाक्य असते.

'अपात्र' या एका शिक्क्याखाली निदान चार प्रकारचे विद्यार्थी येतात, हे इथे सांगणे आवश्यक वाटते. पहिला खरोखरच विषयात कच्चा राहिलेला असतो. दुसऱ्याची चूक नसते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण प्रणालीत भरले गेले नाहीत, हजर असताना गैरहजेरी लागली किंवा निकाल राखून ठेवला गेला, म्हणून तो अडकतो. तिसऱ्याचे सत्रच मान्य झालेले नसते, कारण आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू किंवा दिवसाची नोकरी यांमुळे उपस्थिती भरलेली नसते. चौथा सगळे विषय उत्तीर्ण झालेला असतो, पण पैशाअभावी किंवा घरच्या जबाबदारीमुळे पुढच्या वर्षाला येऊ शकत नाही. यांतल्या एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षेला बसवणे हा अन्याय आहे, तर पहिल्याला केवळ दयेपोटी तिसऱ्या सत्रात बसवले तर त्याचे नुकसानच होते. ज्याला पहिल्या वर्षाची संशोधनपद्धती समजलेली नाही, तो तिसऱ्या सत्रातला शोधप्रकल्प कसा करणार? मी असे विद्यार्थी पाहिले आहेत. ते चौथ्या सत्रापर्यंत जातात खरे, पण अनुत्तीर्ण विषयांचे ओझे घेऊन, आणि शेवटी चारही सत्रांचे विषय एकदम द्यायची वेळ येते.

सर्वांत साधा पर्याय म्हणजे राहिलेल्या विषयांची परीक्षा माजी विद्यार्थी म्हणून पुन्हा देणे. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक कायम राहतात, वर्गात बसावे लागत नाही, नोकरी करता येते. तरीही अडचण वेळापत्रकाची आहे. समजा, एका विद्यार्थ्याने ४४ पैकी २० श्रेयांक मिळवले आणि दुसऱ्याने २४. निम्म्याचा नियम असेल तर दुसरा तिसऱ्या सत्रात जातो आणि पहिला थांबतो. दोघांमधले अंतर चार श्रेयांकांच्या एका विषयाचे, म्हणजे संपूर्ण पदवीच्या बाविसाव्या भागाचे आहे. कुठेतरी रेषा ओढावी लागते हे मला मान्य आहे. परंतु रेषेच्या अलीकडे राहिलेल्या विद्यार्थ्याला तो एक विषय पुन्हा देण्याची संधी किती दिवसांनी मिळते, हे रेषेइतकेच महत्त्वाचे आहे. जिथे दुसऱ्या सत्राचे विषय वर्षातून एकदाच, नियमित परीक्षेच्या वेळीच घेतले जातात, तिथे त्या एका विषयासाठी पूर्ण वर्ष जाते. निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत पुरवणी परीक्षा झाली, तर तिसरे सत्र फार पुढे गेलेले नसते आणि रेषेच्या जवळ असलेल्यांपैकी बरेच जण त्याच वर्षी वर्गात येऊ शकतात. परीक्षा विभागावर याचा भार पडेल, हे दिसतेच आहे. मात्र पदव्युत्तर वर्गांतील संख्या पदवीच्या तुलनेने लहान असते आणि ही परीक्षा विभागांच्या स्तरावर घेता येण्यासारखी आहे.

पुनर्मूल्यांकनाबाबतही असेच होते. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आणि छायाप्रत मागण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षेचा निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करायचा आहे आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या पुढे जायचे नाही. ही मुदत ओलांडली की काय होते, हे २०१७ साली मुंबई विद्यापीठाच्या संगणकाधारित मूल्यांकनाच्या गोंधळात सर्वांनीच पाहिले. परंतु मूळ निकाल वेळेवर लागला तरी पुनर्मूल्यांकनाचा निकाल तिसरे सत्र निम्मे उलटल्यावर येतो, तेव्हा गुण वाढूनही विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. तोवर उपस्थितीची अट मोडलेली असते आणि अंतर्गत चाचण्या होऊन गेलेल्या असतात. विद्यापीठाने चूक दुरुस्त केली, पण वर्ष विद्यार्थ्याचेच गेले.

यावर तात्पुरत्या प्रवेशाचा उपाय काही ठिकाणी वापरला जातो. तो अध्यादेशात लेखी यावा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज प्रलंबित असलेल्या विद्यार्थ्याला, हमीपत्र घेऊन, तिसऱ्या सत्राच्या वर्गांत बसू द्यावे. निकाल अनुकूल लागला तर पहिल्या दिवसापासूनची उपस्थिती धरावी, प्रतिकूल लागला तर प्रवेश रद्द करून त्या सत्राचे शुल्क परत करावे किंवा पुढील वर्षाकडे वळते करावे. नुसता प्रवेश मिळवण्यासाठी कोणीही पुनर्मूल्यांकनाचा अर्ज टाकेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खोटा नाही. म्हणूनच ही सवलत पात्रतेच्या रेषेपासून एका विषयाच्या अंतरावर असलेल्यांपुरती ठेवावी. ज्याचे सहा विषय राहिले आहेत त्याला ती देण्याचे कारण नाही.

आता त्या पर्यायाकडे वळतो, ज्याच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहे : पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडणे. नव्या रचनेत ही सोय आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जून २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यातही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बाहेर पडण्याचा हा टप्पा ठेवलेला आहे. इयर डाऊन झालेल्या विद्यार्थ्याला घरचे, मित्र आणि कधीकधी आम्ही अध्यापकही सहज सांगून जातो, "नाही जमलं तर डिप्लोमा घेऊन बाहेर पड." हे सांगणे चुकीचे आहे. पदविकेसाठी पहिल्या वर्षाचे ४४ च्या ४४ श्रेयांक लागतात. जो ४४ पैकी २० वर अडकला आहे, त्याला हे दार उघडत नाही. ते उघडते ते ज्याला पुढच्या वर्षात जाण्यापासून नियमाने अडवलेलेच नाही त्याला. म्हणजे ही सोय वर सांगितलेल्या चौथ्या प्रकारच्या विद्यार्थ्यासाठी, सगळे उत्तीर्ण होऊन परिस्थितीमुळे थांबणाऱ्यासाठी आहे, आणि त्याच्यासाठी ती मोलाची आहे. पूर्वी एम. ए. किंवा एम. एस्सी. भाग १ करून सोडणाऱ्याच्या हाती गुणपत्रिकेपलीकडे काही उरत नसे.

पण नापास विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले तर इथे एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. समजा, त्याने पुढची दोन सत्रे घालवून पहिल्या वर्षाचे सगळे विषय काढले. आता तो पदविकेलाही पात्र आहे आणि तिसऱ्या सत्रालाही. या टप्प्यावर त्याला कोणीतरी बसवून सांगायला हवे, की पदविका घेतल्यास त्याची चालू नोंदणी संपते का, पुढे दुसऱ्या वर्षात परत यायचे झाल्यास जागा रिक्त असण्याची अट आहे का, आणि परत येताना पदविकेचे प्रमाणपत्र जमा करावे लागते का. या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावीत, एवढीच अपेक्षा आहे. आज एकाच विद्यापीठातील दोन विभागप्रमुख याची दोन वेगळी उत्तरे देतात. माझे स्वतःचे उत्तरही मागच्या वर्षी वेगळे होते, हे कबूल केले पाहिजे. आणखी एक बाब या पदविकेच्या श्रेयांकांत दडलेली आहे. दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्यांतर्गत प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प असतो. लेखी विषय सगळे निघालेले, पण प्रशिक्षणाचा अहवाल सादर केलेला नाही म्हणून ४० वर थांबलेले विद्यार्थी दर वर्षी भेटतात. अशांना परीक्षेची गरजच नसते. त्यांना अहवालाची दुसरी तारीख हवी असते. ती देण्याचा अधिकार विभागाला मिळाला, तर हा प्रश्न परीक्षा विभागापर्यंत जाण्याचेही कारण उरणार नाही.

ज्याला काही काळ शिक्षण थांबवायचे आहे, त्याच्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढी आहे. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार मिळवलेले श्रेयांक पेढीत जमा होतात आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. विद्यार्थ्यांना हा सात वर्षांचा आकडा पाठ झालेला असतो, आणि नेमकी तिथेच त्यांची फसगत होते. कारण दुसरे एक घड्याळ त्याच वेळी चालू असते. अभ्यासक्रमाच्या विहित कालावधीपेक्षा सामान्यतः दोन वर्षे अधिक, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष, अशी पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत आयोगाने २०१५ साली विद्यापीठांना कळवली होती. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला याचा अर्थ चार वर्षे, फार तर पाच. श्रेयांक पेढीत सात वर्षे जिवंत, पण ज्या नोंदणीखाली ते मिळवले ती चार वर्षांत संपलेली, असे झाले तर विद्यार्थ्याने काय करायचे? नव्याने प्रवेश घेऊन जुने श्रेयांक वळते करून घ्यायचे का? मग प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायची का? मला वाटते, या दोन घड्याळांचा मेळ घालणारे एक कलम प्रत्येक अध्यादेशात हवे आणि त्यात उदाहरण देऊन तारखा मोजून दाखवलेल्या हव्यात. नियम वाचून तारीख काढण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडू नये. ते आम्हालाही नीट जमत नाही.

खंडानंतर परतणाऱ्याला भेटणारी दुसरी अडचण बदललेल्या अभ्यासक्रमाची. २०२३-२४ च्या आधी पहिले वर्ष केलेल्यांना ती चांगलीच जाणवली आहे. विषयाचे नाव तेच, पण श्रेयांक वेगळे. किंवा श्रेयांक तेवढेच, पण विषयच नाहीसा झालेला. अशा वेळी समकक्ष विषयांची यादी अभ्यासमंडळाने द्यायची असते, आणि ती अनेकदा विद्यार्थी अर्ज घेऊन आल्यानंतर तयार होऊ लागते. अभ्यासक्रम बदलण्याचा ठराव ज्या बैठकीत संमत होईल, त्याच बैठकीत समकक्षतेची यादीही संमत झाली पाहिजे, अशी अट विद्यापरिषदेने घालावी. पुढील काही वर्षांत चार वर्षांची पदवी घेतलेले विद्यार्थी एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येऊ लागतील, तेव्हा वर्गात दोन रचनांचे विद्यार्थी शेजारी बसतील. त्यांत मागे राहिलेल्या एखाद्याला कोणत्या रचनेत धरायचे, हा प्रश्न आताच विचारून ठेवलेला बरा.

वाट बदलण्याचे पर्यायही आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरली जाते, आणि नोकरी करणाऱ्या, उपस्थितीअभावी अडकलेल्या विद्यार्थ्याला तो मार्ग अनेकदा अधिक योग्य असतो. आमच्या विभागांत तो कमीपणाचा मानला जातो, ही आमची खोड आहे. श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात, पण पदवी देणाऱ्या संस्थेकडून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, आणि एकदा एका पदवीसाठी वापरलेले श्रेयांक दुसरीकडे वापरता येत नाहीत. ही अट सांगितल्याशिवाय कोणालाही स्थलांतराचा सल्ला देऊ नये. थांबलेल्या वर्षात एखादा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम सोबत करण्यास २०२२ पासून आयोगाची आडकाठी नाही. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा आयोगाच्या 'स्वयम्'विषयक २०२१ च्या विनियमांत आहे. अनुत्तीर्ण झालेला ऐच्छिक विषय पुन्हा देण्याऐवजी समकक्ष 'स्वयम्' अभ्यासक्रमाने भरून काढू देणे, ही सवलत विद्यापीठाच्या अधिकारातली आहे आणि तिला खर्चही फारसा नाही. मुख्य विषयांसाठी मात्र ती देऊ नये, असे माझे मत आहे.

पैशाविषयी थोडक्यात लिहितो, कारण विद्यार्थ्याचा निर्णय शेवटी त्यावरच ठरतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण पुढच्या वर्गात जाण्याशी जोडलेले आहे. इयर डाऊनचा पहिला फटका तिथे बसतो आणि दुसरा वसतिगृहात. वर्ष थांबले म्हणून खोली सोडावी लागली, की गावी जावे लागते. गावी गेला की ग्रंथालय सुटते. आणि ग्रंथालय सुटल्यावर राहिलेले विषय निघण्याची शक्यता आणखी घटते. निदान पुरवणी परीक्षा होईपर्यंत खोली आणि ग्रंथालयाचे सदस्यत्व चालू ठेवता येणार नाही का? शुल्काच्या बाबतीत, राहिलेल्या दोन विषयांसाठी पुन्हा वर्गात बसू इच्छिणाऱ्याकडून पूर्ण वर्षाचे शुल्क घेणे श्रेयांक पद्धतीशी विसंगत आहे. अभ्यासक्रम श्रेयांकांत मोजला जातो, मग शुल्कही त्याच मापाने मोजावे. शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांच्या बाबतीत बँका आपल्यापेक्षा अधिक सावध निघाल्या आहेत : भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न झाल्यास त्यासाठी कमाल दोन वर्षांची मुदतवाढ देता येते. ती मिळवण्यासाठी विद्यापीठाचे एक पत्र लागते. हे पत्र कोणी द्यायचे, हे ठरलेले नसल्यामुळे विद्यार्थी ते मागतच नाही, आणि हप्ते सुरू झाल्याचा संदेश आल्यावर धावत येतो.

उपस्थितीअभावी अडकलेल्या विद्यार्थिनींविषयी स्वतंत्रपणे लिहितो. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना बाळंतपणाच्या काळात उपस्थितीत सवलत आणि परीक्षा अर्जासाठी मुदतवाढ देणारे नियम करावेत, असे आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवले आहे. ते नियम लेखी झाले नाहीत तर प्रत्येक विद्यार्थिनीला आपली परिस्थिती विभागप्रमुखांपुढे, अनेकदा पुरुष विभागप्रमुखांपुढे, प्रत्येक वेळी नव्याने मांडावी लागते. संकोचामुळे सवलत न मागता सत्र सोडून दिलेल्या विद्यार्थिनी मला माहीत आहेत, आणि त्या कोणत्याही नोंदीत 'बाळंतपणामुळे थांबलेल्या' म्हणून दिसत नाहीत. दिसतात त्या 'अपात्र' म्हणूनच.

जिथे चूक विद्यापीठाची किंवा महाविद्यालयाची आहे, तिथे २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनी मार्ग दिला आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यावर लोकपालाकडे अपील करता येते, अशी ती व्यवस्था आहे. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी लोकपाल नावाचे पद आपल्या विद्यापीठात आहे, हे माहीत असलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

हे सगळे लिहिल्यावर माझी मागणी अगदी लहान वाटेल, पण तीच पहिली आहे. दुसऱ्या सत्राच्या निकालात जो विद्यार्थी तिसऱ्या सत्रास अपात्र ठरेल, त्याला गुणपत्रिकेबरोबरच मराठीत लिहिलेले एक पत्रक मिळावे. त्यावर त्याने मिळवलेले श्रेयांक आणि पात्रतेसाठी कमी पडलेले श्रेयांक असावेत. छायाप्रत व पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख असावी. पुरवणी किंवा पुढील परीक्षेची तारीख असावी. नोंदणी कोणत्या वर्षी संपते आणि श्रेयांक कोणत्या वर्षापर्यंत वापरता येतात हे वर्षाच्या आकड्यात लिहिलेले असावे. पदविकेसाठी अजून किती श्रेयांक हवेत, शिष्यवृत्ती व वसतिगृहाचे काय, बँकेसाठीचे पत्र कोण देणार आणि तक्रार कोणाकडे करायची, हेही त्यावर यावे. यांतली बहुतेक माहिती विद्यापीठाच्या संगणक प्रणालीत आधीच आहे. सोबत, निकालापासून सात दिवसांच्या आत अशा प्रत्येक विद्यार्थ्याशी एका नियुक्त अध्यापकाने बोलावे आणि बोलणे झाल्याची नोंद ठेवावी. ते बोलणे दाराबाहेर रांगेत उभे करून होऊ नये. काही जणांची मनःस्थिती त्या दिवसांत फार नाजूक असते. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक पत्रकाच्या तळाशी छापला तर बिघडणार काहीच नाही.

या संवादात काही विद्यार्थ्यांना 'हा विषय तुझ्यासाठी नाही' असेही सांगावे लागेल, हे मी जाणतो. एका विद्यार्थ्याला मी ते तीन वर्षे उशिरा सांगितले. तोवर त्याने त्याच चार विषयांच्या परीक्षा पाच वेळा दिल्या होत्या आणि आधी खुले असलेले दोन मार्ग वयोमर्यादेमुळे बंद झाले होते. पहिल्याच निकालानंतर त्याच्यासमोर सगळे पर्याय मांडून बसलो असतो, तर कदाचित त्यानेच ते आधी ओळखले असते.

पुढील दुसऱ्या सत्राचा निकाल लागण्यापूर्वी विद्यापरिषदेची जी बैठक होईल, तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. पत्रकाचा एक नमुना मी आमच्या विभागासाठी तयार केला आहे आणि मागणी केल्यास तो पाठवीन. त्यातला 'पुरवणी परीक्षेची तारीख' हा रकाना मात्र मला रिकामा ठेवावा लागला आहे. तो आपण भरून द्यावा.

आपला विश्वासू,
एका पदव्युत्तर विभागातील अध्यापक